मेहुण्यांचं विमान आणि माझी सुतळी

आमच्या घरातली पोरं गोष्ट मागतात तेव्हा राजाराणीची मागत नाहीत, माझ्या फजितीची मागतात. साठा मोठा आहे, त्यामुळे निवड त्यांचीच असते, आणि दहातल्या सहा वेळा ती विमानावर येऊन थांबते. सांगता सांगता दर वेळी माझा मूर्खपणा थोडा थोडा वाढत चालला आहे असं माझ्या लक्षात आलं. म्हणून आता लिहूनच टाकतो. निदान तो आहे तेवढ्यावर थांबेल.

जव्हार तेव्हा संस्थान होतं आणि मी तिथल्या शाळेत भूगोल शिकवत होतो. वय अठ्ठावीस. जगातली प्रत्येक जागा आपल्याला ठाऊक आहे असं वाटण्याचं हे वय. प्रत्यक्षात पूर्वेला त्र्यंबक आणि पश्चिमेला डहाणूचं स्टेशन, यांच्या पलीकडे मी तीनदा गेलो होतो, आणि त्यातही एकदा चुकीच्या गाडीत बसल्यामुळे. शाळेत पृथ्वीचा एक गोल होता. कोणा मुलाच्या हातून पडून आफ्रिकेच्या पोटाला पोचा आला होता, पण माझा त्याच्यावर जीव. अधूनमधून मी तो घरी आणत असे आणि बायको केर काढून झाल्यावर तो कोनाड्यात ठेवताना हटकून दक्षिण ध्रुव वर करत असे. मी सुलटा करी, ती उलटा करी. संसार चालला होता.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. भात झोडून झालं होतं, खळ्यांवर नागली पसरली होती, हवा कोरडी नि गार. तिचे यजमान, म्हणजे आमचे मेहुणे, मुंबईच्या एका कापूसवाल्या शेठजींचे खाजगी कारकून. शेठजी व्यापाराच्या कामाने बोटीतून विलायतेला गेले, तेव्हा कागदपत्रं सांभाळायला यांनाही घेऊन गेले. जाताना मेहुण्यांनी बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर उभं राहून बहिणीशी एक गोष्ट ठरवली होती: मुलगी झाली तर तिचं नाव काय ठेवायचं. नाव बहिणीने सुचवलं आणि मेहुणे हो म्हणाले. घाईत असतील, पण म्हणाले.

आता यात अडचण एकच होती, आणि ती त्र्यंबकला राहत होती. बहिणीच्या सासूबाईंनी केव्हापासून सांगून ठेवलं होतं, की मुलगी झाली तर माझ्या आईचं नाव. सासूबाई कडक. आवाज चढवत नसत, पण बोलून झालं की तपकिरीच्या डबीचं झाकण टप् करून लावत, आणि त्यानंतर घरात कोणी त्या विषयावर बोलत नसे. त्यांच्यासमोर बहिणीच्या तोंडून 'हो' आणि 'आणते' याखेरीज शब्द निघाल्याचं मला आठवत नाही. तिची सगळी भिस्त नवऱ्यावर. तो बारशाला हजर असला तर आईला सांगेल. नसला तर पाळण्याला हात लावून आत्याबाई म्हणतील ते नाव, आणि आत्याबाई म्हणजे सासूबाईंची मुलगी, ती आईच्या शब्दाबाहेर कशाला जाते.

मुलगी मंगळवारी झाली. आम्ही विलायतेला तार केली आणि शुक्रवारी उत्तर आलं: शेठजींना मुंबईत तातडीचं काम निघालं आहे, उद्या शनिवारी सकाळी विमानाने निघतो.

विमान! आमच्या गल्लीत तोवर मोटारीत बसलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मेहुण्यांनी आधीच्याच पत्रात कंपनीचा एक घडीचा छापील कागद गंमत म्हणून पाठवला होता. समोरच्या बाजूला ढगांवरून चाललेलं विमान, खाली नकाशा, लंडनपासून कराचीपर्यंत तांबडी रेघ. अंतर पाच हजार मैल, वेग ताशी शंभर. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढी इंग्रजी छपाई होती. ती मी वाचली नाही. भूगोलाच्या शिक्षकाला नकाशा पुरतो.

बहीण खाटेवर बसून म्हणाली, "दादा, त्यांना आजच तार करायची का? निघण्याआधी त्यांनी सासूबाईंना एक तार टाकावी, नाव असं असं ठरलंय म्हणून. म्हणजे मला घोर नको."

मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं, आणि आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. मी गोल काढला, सुतळी काढली, लंडनवर अंगठा दाबून कराचीपर्यंत सुतळी ताणली. भरले चार हजारांच्या आसपास. उरलेले हजार मैल वळशासाठी म्हणून मी कंपनीला उदारपणे सोडून दिले. पाच हजाराला शंभराने भागलं. पन्नास तास. शनिवारी सकाळी निघाले म्हणजे सोमवारी दुपारी कराची. त्यात लंडन आणि आपल्याकडच्या सूर्याच्या फरकाचे पाच तासही मी आठवणीने मिळवले. बारीकसारीक गोष्टींत मी सहसा चुकत नाही. म्हणजे सोमवारी सायंकाळी कराची. तिथून आगगाडीने दोन दिवस, बुधवारी डहाणू, गुरुवारी सकाळच्या मोटारीने जव्हार. बारसं शनिवारी. दोन दिवस हातात.

"तार कशाला?" मी म्हणालो. "तार पोचून त्र्यंबकचा शिपाई सासूबाईंना शोधेपर्यंत तुझा नवरा इथे जेवायला बसलेला असेल."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं, गोलाकडे पाहिलं, आणि निवांत उशीला टेकली. तिचा माझ्यावर फार विश्वास. लहानपणी मी तिला सूर्यमाळच्या डोंगरामागे समुद्र आहे असं सांगितलं होतं, ते तिने अकरा वर्षांची होईपर्यंत मानलं होतं.

मग मी गावात सांगत सुटलो. शाळेत मुलांना गणित म्हणून घातलं. बाजारात वाण्याला सांगितलं, न्हाव्याला दाढी होताना सांगितलं, एका दरबारी कारकुनाला त्याने विचारलं नसताना सांगितलं. गुरुवारी सकाळी मोटार थांबते तिथे यायचं बऱ्याच जणांनी ठरवलं. विमानातून उतरलेला माणूस कसा दिसतो ते पाहायला.

बुधवारी दुपारी सासूबाई आल्या. सोबत त्यांची मुलगी, दोन ट्रंका आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. त्र्यंबकहून मोखाड्यावरून छकड्यात आल्या. छकडा हाकणारा म्हातारा सूर्यमाळकडच्या पाड्यातला. त्या वाटेवर त्याचा जन्म गेला होता. बाळाला पाहून, ओवाळून, सासूबाई माजघरात टेकल्या. म्हातारा ओट्यावर चहा घेत बसला. मीही बाहेर आलो, आणि गोल घेऊनच आलो. श्रोता मिळाला की मला राहवत नाही.

मी त्याला दाखवलं: हे आपण, ही विलायत, आमचे मेहुणे आत्ता इथून असे उडत येत आहेत. त्याने गोलाला हात लावला नाही, पण सगळीकडून पाहिलं. मग विचारलं, लांब किती? मी म्हणालो, पाच हजार मैल. मैल त्याला ऐकून माहीत होते, सडकेवर त्यांचे दगड होते, पण त्याचं काम त्यावर चालत नसे. त्याच्या हिशेबात त्र्यंबक ते जव्हार म्हणजे पाच पाणी, दोन भाकरी आणि एक नीज. पाच ठिकाणी बैलांना पाणी, दोनदा सोडून भाकर खायची, आणि मोखाड्याला रात्री पाठ टेकायची. चढ असो, उतार असो, हिशेब तोच आणि तो चुकत नसे.

"इमानाला पाणी किती?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, त्याला पाणी लागत नाही, तेल लागतं.

"मंग तेल किती?"

"भरलेलं असतं."

"सगल्या वाटेचं?" त्याने आपल्या बैलांकडे पाहिलं. "मास्तर, मी दोन दिसांचा पेंढा लादला त बैल घाट नाय चढत. तो सगल्या वाटेचं तेल घेऊन वर उडतो, नि वर शेट पन?"

मी जरा घुटमळलो. म्हणालो, थांबत असेल मध्ये कुठे. त्याने मान हलवली, चहा संपवला, बशी उपडी घातली.

"नि हाकणारा निजतो कवा?"

आतून माझ्या बायकोचा आवाज आला. ती बहिणीशी बोलत होती, पण मला ऐकू यावं एवढ्या मोठ्याने. "विमानाला बैल नसतात हे मास्तरांना कळलं होतं हो. हाकणारा असतो, ते राहिलं."

मी कोनाड्यातून तो छापील कागद आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची मागची बाजू वाचली. उन्हात धरून, डोळे बारीक करून, मोठ्याने. म्हातारा पुढे सरकला आणि प्रत्येक नावाला "नीज?" असं विचारून एकेक बोट मिटू लागला. शनिवारी विमान जायचं ते फक्त पॅरिसपर्यंत. तिथून इटलीच्या टाचेपर्यंत चक्क आगगाडी, दोन रात्री. दोन बोटं मिटली. मग पाण्यावर उतरणारं विमान, अथेन्सला मुक्काम. मग इजिप्त, तिथे पुन्हा थोडी आगगाडी, कैरोला मुक्काम. मग वाळवंट, बगदादला मुक्काम. मग इराणच्या आखातात, वाळूत बांधलेल्या कुठल्याशा विसाव्याच्या घरात मुक्काम. विमान अंधारात उडतच नव्हतं. दिवस मावळला की तेही आमच्या छकड्यासारखं सुटत होतं.

"सा नीज," म्हातारा म्हणाला. एक हात पुरा मिटलेला आणि दुसऱ्याचा अंगठा. "सातव्या दिशी पोचंल."

म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी कराची. तिथून आगगाडी. डहाणू रविवारी. बारसं शनिवारी.

मी मान वर केली तर दारात सासूबाई उभ्या. सगळं ऐकलं होतं. "म्हणजे माझा मुलगा परवा नाही, तेरवा नाही," त्या म्हणाल्या. मी घाईघाईने सुचवलं, की बारसं एक दोन दिवस पुढे ढकललं तर, लोक करतात तसं.

"बारावा दिवस रविवारी येत नसतो, मास्तर. एवढं गणित मलाही येतं."

त्या आत गेल्या. डबीचं झाकण टप् वाजलं.

म्हाताऱ्याने बैल जुंपले. जाताना मला धीर द्यावा म्हणून म्हणाला, वाट लांब आहे, पण नीज पुरी मिळते, माणूस धड पोचेल. मला त्या वेळी तेवढा आनंद झाला नाही.

मग बहिणीकडे जावं लागलं. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून मी सगळं सांगितलं. पॅरिस, इटलीची टाच, सगळं, जणू नावं जास्त घेतली तर चूक लहान होईल. ती ऐकत होती. रडली नाही. म्हणाली, "दादा, तू शाळेत भूगोलच शिकवतोस ना रे?"

"हो."

"मुलांना बरं असतं. त्यांना सहामाहीला पुन्हा बसता येतं."

एवढं बोलून तिने कूस बदलली. बायको बाहेर आल्यावर मला म्हणाली, की तार केली असती तर दीड मिनिट लागलं असतं. मी म्हणालो, मला ठाऊक आहे. ती म्हणाली, तुम्हाला सगळंच ठाऊक असतं.

गुरुवारी सकाळी मोटार थांबते तिथे पंधरावीस मंडळी जमली होती असं मी नंतर ऐकलं. मी घरात पडून होतो, पोट दुखत होतं. मोटारीतून एक घोंगड्यांचा व्यापारी उतरला, त्याला लोकांनी बराच वेळ निरखून पाहिलं म्हणे.

शुक्रवारी दुपारी माजघरात पाळणा टांगायचा होता. तुळईची कडी गंजली होती, म्हणून मी उंच स्टुलावर चढून ती काढून दुसरी ठोकत होतो. खाली सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या, पायांवर मुलगी, आणि तिच्या टाळूवर तेल जिरवत होत्या. बहीण भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला फडकं बांधून. कोपऱ्यात घुगऱ्यांचे हरभरे भिजत होते. मी हातोडा मारला की बाळ दचके, म्हणून मी हळूहळू मारत होतो, आणि मग थांबलोच. कारण बहीण बोलायला लागली होती.

आधी मला वाटलं ती बाळाशी बोलतेय. आवाज इतका खालचा.

"सासूबाई, लग्नात माझं नवं नाव तुम्ही ताटात तांदळांवर लिहवलंत. अंगठीने. मी ते घेतलं. तेव्हापासून त्याच नावाने ओ देते. अजूनही कुणी हाक मारली की मला वळायला जरा वेळ लागतो. तक्रार नाही माझी." ती थांबली. मी स्टुलावर कडी धरून उभा. उतरावं तर पाय वाजतील, राहावं तर ऐकू येतंय. "पण हिचं नाव मी ठरवलंय. आमचं दोघांचं ठरलंय. ते येऊन सांगणार होते, ते काही पोचत नाहीत. म्हणून मी सांगते. एक नाव मला ठेवू द्या."

सासूबाईंचा हात टाळूवर थांबला. डबी शेजारीच होती, उघडी. माझं सगळं लक्ष त्या झाकणाकडे.

मग त्या म्हणाल्या, "माझंही लिहिलं होतं. नऊ वर्षांची होते मी. आधीच्या नावाने हाक मारणारी एक आईच उरली होती, ती पुढच्या वर्षी गेली. ते नाव आता या घरात कोणाला ठाऊकही नाही." त्यांनी मुलीचं झबलं सारखं केलं. "आईचंही नाव घेणारं कोणी नाही राहिलं. म्हणून म्हटलं होतं. दुसरं काही नाही."

आता बहीण रडू लागली. सासूबाई म्हणाल्या, दूध अंगावर पिते आहे मुलगी, रडायचं नाही. मग म्हणाल्या, "काय ठरवलंयत?"

बहिणीने सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण आज ती भाची स्वतः दोन मुलांची आई आहे आणि मामाने कुठे काही छापलं की भांडायला येते. सासूबाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं, भाजीत मीठ पाहावं तसं.

"लांब आहे गं. हाक मारून पुरी होईपर्यंत पोरगी विहिरीपर्यंत पोचायची." मग थोड्या वेळाने: "कानात पहिलं नाव माझ्या आईचं सांगायचं. मग तुमचं. पाळण्याचं, रोजच्या हाकेचं, ते तुमचंच. चालेल?"

बहीण हो म्हणाली. नेहमीचाच तो शब्द, पण या वेळी मला तो वेगळा ऐकू आला.

"मास्तर," सासूबाई वर न पाहता म्हणाल्या, "उतरा आता. पाय भरून आले असतील."

बारसं छान झालं. घुगऱ्या गल्लीत वाटल्या. आत्याबाईंनी कानात दोन्ही नावं सांगितली, आणि बायकांनी त्यांच्या पाठीत असे धपाटे घातले की त्या आठवडाभर कण्हत होत्या.

रविवारी दिवस मावळता मावळता, डहाणूहून भाड्याची मोटार करून, मेहुणे आले. डोक्यावर हॅट, अंगावर धूळ, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. गल्ली दारात गोळा झाली. मी पुढे होऊन प्रवास कसा झाला विचारलं, तर ते माझ्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. पाचसहा दिवस इंजिनाच्या शेजारी बसून त्यांचे दोन्ही कान बसले होते. स्वतःचा आवाजही त्यांना ऐकू येत नसावा, कारण आईच्या पाया पडून उठताना ते वाळवंट ओलांडून हाक मारावी तसे ओरडले, "आई, मी वाटेत सगळा विचार केला! तुझ्या मनाविरुद्ध नको! तुझ्या आईचंच नाव ठेवू!"

बहीण दाराआड होती, तिचा चेहरा मला दिसला. ज्याच्या भरवशावर ती दहा दिवस बसली होती, तो गुरुवारी आला असता तर हेच बोलला असता. माझ्या बायकोनेही ते ओळखलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी छाती थोडी पुढे काढताच नजरेनेच ती परत आत ढकलली.

"बारसं झालं काल," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"झालं बारसं! नाव ठेवलं!"

"काय ठेवलं?"

सासूबाईंनी दाराकडे मान वळवली. "ये बाहेर. तू ठेवलंयस, तूच सांग त्याला."

वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची तेव्हा रीत नव्हती, आणि इथे तर अर्धं जव्हार उभं होतं. बहीण पदर सावरून उंबऱ्यात आली आणि हळूच नाव सांगितलं. मेहुण्यांनी कानाला हात लावला. तिने पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "कोण आलंय?" तेव्हा मात्र ती दोन पायऱ्या उतरून आली, त्यांच्या कानातला बोळा उपटून काढला, आणि त्या कानात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, अशी ओरडली की समोरच्या घरातल्या म्हशीने दावं ताणलं.

मेहुण्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तेवढ्याच मोठ्याने ते नाव उलट म्हटलं. मधलं एक अक्षर गिळलं.

"नीट म्हणा," बहीण म्हणाली.